आधी धूर बघावा

डिझेल इंजिन सुरू होत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही? हा प्रश्न मनात नीट उमटायच्या आतच हातात पाना येतो आणि माझ्या मते निम्मं काम तिथंच बिघडतं. जामनेर, पहूर, शेंदुर्णी, वाकोद या पट्ट्यात विहिरीवरची इंजिनं आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. पण ट्रॅक्टर, मळणीयंत्र, बोअरची गाडी, जनरेटर, एसटी, मालाचा टेम्पो असं सगळं धरलं तर डिझेलवाचून इथला एक दिवस निघत नाही. कपाशीला पाणी द्यायचं असो की मका काढायचा असो, यंत्र अडलं की माणूस आधी हँडल मारून दमतो, मग टोचन लावून ओढतो, मग हवेच्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलची चिंधी धरतो, आणि तरीही इंजिन धरलं नाही की पंप आणि नोझल सोडवून, पिशवीत घालून जळगाव गाठतो. या चारही उपायांत कष्ट आहेत, पैसा आहे, एकात तर जिवाला धोका आहे. बिघाड कुठं आहे हा प्रश्न मात्र यांतल्या एकाही उपायात विचारलेला नाही. माझं म्हणणं असं की न चालणाऱ्या डिझेल इंजिनात बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलची जी सलग धार असायला हवी ती कुठंतरी तुटलेली असते. ती जागा ताकदीनं सापडत नाही, नवे भाग बसवूनही सापडत नाही. एकेक सांधा सैल करायचा, तिथं काय दिसायला हवं हे आधी ठरवायचं आणि मग पाहायचं, असंच ती सापडते.

या म्हणण्याला आधार इंजिनाच्या घडणीतच आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला नुसता दाब पुरतो. विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं किर्लोस्कर एव्ही-वन घ्या. खानदेशात त्याची ओळख करून द्यायला नको. 80 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात 110 मिलिमीटर धावणारा पिस्टन आत घेतलेली हवा साडेसोळापट आवळतो, ती 500 अंशांच्या वर तापते, आणि त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा आत पडला की पेट घेतो. इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरतं, दोन फेऱ्यांत एकदा फवारा, म्हणजे मिनिटाला 750 आणि तासाला 45,000 फवारे. पूर्ण भारावर तासाला साधारण 1.1 लिटर डिझेल लागतं. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे 24 घन मिलिमीटर डिझेल येतं. औषधाच्या ड्रॉपरनं मोजायचं तर अर्धा थेंब. नोझलची सुई स्प्रिंगखाली दाबून बसवलेली असते आणि ती उचलायला वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब लागतो. अर्ध्या थेंबाला हे काम जमतं, कारण डिझेल जवळजवळ दबतच नाही. एवढ्या दाबाखालीही ते शेकडा एक-दीड भागच आकसतं. पंपातल्या प्लंजरनं मागून ढकललं की पुढं सुईला तोच धक्का पोचतो.

याच मार्गात दोन थेंबांएवढा हवेचा बुडबुडा शिरला आहे असं धरू. प्लंजरनं अर्ध्या थेंबाचा धक्का दिला की बुडबुडा चौथ्या हिश्श्यानं लहान होतो आणि त्याचा दाब सुमारे एक-तृतीयांशानं वाढतो. सुईला हवा असतो 200 पट. प्लंजर खाली आला की पंपात अडकलेला बुडबुडा पुन्हा फुगतो, आणि पुढच्या फेऱ्याला तोच खेळ. हँडल मारणाऱ्याच्या दंडातला सगळा जोर असा बुडबुडा दाबण्यात आणि फुगवण्यात संपतो, डिझेल पुढं सरकतच नाही. मिस्तरी याला इंजिनानं एअर धरली म्हणतात. पंपापासून नोझलकडे जाणारी नळी पूर्ण रिकामी झाली असेल तर हिशेब आणखी स्पष्ट होतो. दोन मिलिमीटर भोकाची 40 सेंटिमीटर नळी भरायलाच अर्ध्या थेंबाचे पन्नास धक्के लागतात, म्हणजे चाकाचे शंभर फेरे, आणि तेही वाटेत कुठं गळती नसेल तर. इतके फेरे हातानं एका दमात कोण मारणार? शेतकऱ्याला ही गोष्ट खरं तर नवी नाही. याच इंजिनाला जोडलेला पाण्याचा पंप कोरडा असला की तो कितीही फिरवला तरी पाणी ओढत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आधी वरून बादलीनं पाणी ओतून तो पंप भरून घेतो. फूटव्हॉल्व्ह गळतो का, हेही तोच तपासतो. पट्ट्याच्या एका बाजूला जे ज्ञान रोज वापरलं जातं ते दुसऱ्या बाजूला, डिझेलच्या नळीपाशी, का पोचत नाही याचं मला फार वाटतं.

हवेचा आणि या इंजिनाचा संबंध जुना आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात यशस्वी ठरलं तेव्हा आत इंधन ढकलायचं काम हवाच करत होती. वेगळ्या कॉम्प्रेसरनं आवळलेल्या हवेच्या झोतानं इंधन सिलिंडरात उडवलं जाई. त्या कॉम्प्रेसरपायी इंजिन इतकं अवजड होई की ते कारखान्यात किंवा जहाजावर शोभावं, विहिरीच्या थारोळ्यावर नव्हे. हवेचा आधार सोडून नुसत्या प्लंजरच्या धक्क्यानं फवारा मारणारे बॉशचे पंप 1927 पासून कारखान्यातून संख्येनं बाहेर पडू लागले, तेव्हा डिझेल इंजिन मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये आणि शेतावर मावू लागलं. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली पुण्यात उभी राहिली. बॉशचे पंप आणि नोझल बनवणारी मायको 1951 साली बंगळूरला. आजही खेड्यातला मिस्तरी ‘मायकोचा पंप’ म्हणतो तो त्यामुळे. म्हणजे छोटं डिझेल इंजिन शक्य झालं तेच मुळी इंधनाच्या वाटेतून हवा हद्दपार केल्यामुळे. तीच हवा कुठल्या तरी सैल वॉशरमधून परत आली की यंत्र ठप्प होतं, यात नवल नाही. पाचोरा–जामनेर ही 56 किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे 2020 साली थांबली. त्याआधी ती वाफेवरून डिझेलवर आली होती. वाफेच्या इंजिनात जाळ डोळ्यांना दिसतो, पाण्याची पातळी काचेत दिसते. डिझेलचं सगळं कामकाज बोटाएवढ्या नळ्यांच्या आत चालतं. म्हणून इथं पाहण्याच्या जागा आपणच निर्माण कराव्या लागतात.

पहिली जागा मात्र फुकटची आहे, सायलेन्सरचं तोंड. इंजिन फिरवताना तिथून पांढरट, कच्च्या डिझेलचा वास मारणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरात पोचतंय पण पेट घेत नाही. मग शोध दाबाकडे, टायमिंगकडे, कोंडलेल्या एअर फिल्टरकडे, झिजलेल्या रिंगांकडे वळवायचा. फार तर नोझल फवारा न मारता नुसतं ठिबकत असेल, तेवढं पाहायचं. आणि धुराचा मागमूसही नसेल तर डिझेल तिथवर आलेलंच नाही, दाब आणि रिंगा यांच्याकडे बघायचं कारणच नाही. एका नजरेत अर्धं इंजिन संशयातून मोकळं होतं. तरीही पंप सोडवायच्या आधी धूर येतोय का हे विचारणारे थोडे.

धूर नाही असं ठरलं की टाकीकडे जावं. टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, इंजिन बंद करायचा खटका ओढलेलाच राहिला नाही ना, हे प्रश्न अनुभवी माणसाला अपमानास्पद वाटतात, पण त्यांना लागणारा वेळ एका मिनिटाच्या आतला आहे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते धूळ-तेलाच्या लेपानं किंवा कुंभारमाशीनं आणलेल्या मातीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, डिझेल खाली उतरेनासं होतं. असं इंजिन सुरू होतं, थोडं चालतं, गुदमरून बंद पडतं, आणि वेळ गेल्यावर पुन्हा सुरू होतं. या एवढ्याशा भोकापायी पंप बदलले जातात. मग पाणी. डिझेलची घनता लिटरला 820 ते 845 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पाणी तळाशी बसतं, आणि टाकीतून नळी निघते ती तळाजवळूनच. पावसाळ्यात उभा ठेवलेला बॅरल रात्री गार होताना झाकणावर साचलेलं पाणी बुचातून आत ओढून घेतो. हंगाम संपल्यावर अर्धी रिकामी ठेवलेली टाकी आतल्या आत दमट होते, आणि पाणी व डिझेल जिथं भेटतात त्या थरात बुळबुळीत शेवाळासारखा मळ वाढून फिल्टर लिंपतो. टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं, दहा मिनिटं स्थिर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला की पुढचा अर्धा शोध वाचला.

त्यानंतर फिल्टरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू. हे काम घाईनं करायचं नाही. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करायचा आणि त्याच्या कडेला नजर ठेवायची. आधी नुसती फुसफुस होते, कडा ओली होते, मग पांढरट फेस येतो. फेस विरळ होत जातो, मध्येच डिझेल उचकी दिल्यासारखं अडतं, एखादा मोठा बुडबुडा फुटतो, पुन्हा फेस. बहुतेक जण इथंच स्क्रू आवळतात, कारण डिझेल आलेलं दिसतं. डिझेल आलेलं असतं, पण हवा गेलेली नसते. फेस पुरता संपून पिवळसर, न तुटणारी धार लागेपर्यंत थांबायचं आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. थांबल्यावर आवळला तर आट्यांच्या फटीतून हवा परत आत जाते. मग हेच पंपाच्या स्क्रूपाशी, त्यानंतर सोळा-सतराचा पाना लावून नोझलकडच्या नळीच्या नटापाशी. तिथं चाक फिरवल्यावर धार नव्हे, प्रत्येक दोन फेऱ्यांना एक छोटी उसळी दिसायला हवी. नट आवळून पुन्हा फिरवलं की नोझलचा ‘कर्र’ असा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे सुई उचलली गेली, 200 पट दाब तयार झाला, वाट सलग आहे.

यात एक जागा फसवी आहे. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी वर असते, डिझेल आपल्या वजनानं खाली येतं. सांधा ढिला असेल तर तिथं थेंब दिसतो, माती चिकटून काळा डाग पडतो, बिघाड स्वतःच बोट दाखवतो. ट्रॅक्टरमध्ये बहुधा फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूचा सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ, निर्दोष दिसतं. म्हणून गळती नाही, म्हणजे सांधे ठीक आहेत हा तर्क टाकी वर असलेल्या इंजिनाला लागू आहे आणि ट्रॅक्टरला नाही. अशा वेळी फीड पंपाआधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडावी. बुडबुडे डोळ्यांसमोरून जाताना दिसतात, आणि एकेक सांधा ग्रीस लावून बंद करत गेलं की कुठल्या सांध्यानंतर ते थांबले हेही दिसतं. तांब्याचा जुना वॉशर पुन्हा वापरला की हा आजार हमखास मागं लागतो.

कुणी म्हणेल, एवढं टाकीपासून चालत येण्यापेक्षा सरळ नोझलकडचाच नट सैल करावा. तिथं उसळी दिसली तर मागचं सगळं ठीक, एका फटक्यात निकाल. तर्काच्या दृष्टीनं आक्षेप बिनतोड आहे. शोध मधून किंवा शेवटून तोडला तर पायऱ्या कमी लागतात. पण प्रत्येक सांधा उघडण्याची एक किंमत असते. नळीचा नट सैल केला की तिथली भरलेली नळी रिकामी होऊ लागते, शेतातली धूळ आत जाते, आणि आधी नसलेला बिघाड आपल्या हातानं तयार होतो. झाकणाचं भोक तपासायला काहीच उघडावं लागत नाही. धूर बघायला तर हातही लावावा लागत नाही. म्हणून क्रम नळीच्या लांबीवरून ठरवू नये. ज्या प्रश्नाला खर्च कमी आणि ज्याच्या उत्तरानं जास्त शक्यता गळतात तो आधी विचारावा. योगायोगानं डिझेल इंजिनात असे बहुतेक स्वस्त प्रश्न टाकीच्याच बाजूला आहेत.

वाट सलग आहे, हवा नाही, पाणी नाही, तरी उसळी मंद, तेव्हाच पंपावर संशय घ्यावा. तोही नेमक्या खुणांवरून. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल, ज्याला एकत्र एलिमेंट म्हणतात, यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन ते चार हजारांश भागांइतकी असते. ही जोडी एकमेकांसाठीच घासून बनवलेली. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. ती झिजली की डिझेल पुढं जाण्याऐवजी मागं झिरपतं, आणि डिझेल जितकं पातळ तितकं जास्त झिरपतं. भारतीय मानक डिझेलचा दाटपणा 40 अंश तापमानाला मोजतं. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतलंच तापमान त्याच्या वर जातं, इंजिनाशेजारच्या पंपाचं तर विचारू नका. म्हणून झिजलेल्या एलिमेंटची खानदेशातली खूण अशी की इंजिन सकाळी सुरळीत सुरू होतं, दुपारी तापलेलं असताना बंद केलं की काही केल्या धरत नाही, आणि पंपावर ओलं फडकं ठेवून थोडा वेळ गेला की धरतं. ओल्या फडक्याचा हा प्रयोग पंप न उघडता पंपाची साक्ष काढतो. टोचन लावून ओढल्यावर ट्रॅक्टर सुरू होतो यालाही अर्थ आहे. प्लंजर वेगानं चालला की झिरपायला वेळ कमी मिळतो. ओढून सुरू झाला म्हणजे बिघाड गेला असं नाही. बॅटरी मंद आहे, किंवा दाब कमी आहे, किंवा एलिमेंट झिजलं आहे, एवढं त्यातून कळलं. ते लक्षात न ठेवता रोज ओढत राहिलं तर मिळालेली साक्ष वाया जाते.

दुसरा आक्षेप मुरलेल्या मिस्तरींच्या बाजूनं येतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. चांगला मिस्तरी यादी धरून चालत नाही. चाकाचे दोन फेरे ऐकतो आणि नेमक्या नटाला हात घालतो. खरं आहे. पण त्याचा कान हीच त्या क्रमाची मुरलेली अवस्था आहे. नोझल बोलत नाही हे त्यानं ऐकलेलं असतं, धूर नाही हे त्यानं बोलता बोलता पाहिलेलं असतं. पहिला नट खोटा ठरला की तो दुसऱ्याकडे का जातो, हे त्याला सांगता येतं. ज्याला ते सांगता येत नाही, जो फिल्टर, नोझल आणि एलिमेंट एकदम बदलतो, त्यानं इंजिन सुरू करून दिलं तरी बिघाड शोधलेला नसतो. शेतकऱ्याला वेळ नसतो, केळीला पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, हे मान्यच. फिल्टर मुदत संपली म्हणून बदलला तर त्यालाही हरकत नाही. पण टाकीत पाणी तसंच ठेवून बसवलेलं नवं नोझल त्याच पाण्यानं गंजतं, आणि दुसऱ्यांदा जळगावला जाण्याचा वेळ कुठून येतो?

तिसरा आक्षेप मात्र मी पुरता मान्य करतो. नव्या कॉमन रेल इंजिनांत नळीतला दाब 1600 बार आणि त्याहून वर जातो. ट्रॅक्टरमध्येही 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या यंत्रांना जानेवारी 2023 पासून कडक धूरनियम लागू झाले आणि हे तंत्र शेतात आलं. तिथं चालू इंजिनाचा नट सैल करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. जुन्या इंजिनाच्या 200 पट दाबाचा फवारासुद्धा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, आतून बोट किंवा हात गमवावा लागतो, आणि दुखत नसलं तरी तातडीनं शस्त्रक्रिया होईल असं रुग्णालय गाठावं लागतं. उघडं नोझल तपासताना समोर कागद धरावा, हात कधीही नाही. तरीही कॉमन रेलमध्ये टाकी आहे, झाकणाचं भोक आहे, पाणी वेगळं करणारा फिल्टर आहे, ओढणारी बाजू आहे. रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय संगणक इंजेक्टरला फवारा मारूच देत नाही, त्यामुळे मागच्या बाजूला शिरलेल्या हवेची शिक्षा इथं अधिक कडक आहे. स्कॅनर लावला की तो रेलचा दाब कमी असल्याचं सांगतो. तेवढ्यावर महागडा हाय-प्रेशर पंप बदलणाऱ्यानं धूर न बघता नोझल बदलणाऱ्याचीच रीत पुढं चालवली.

विहिरीवर वीज आली, सौरपंप आले, ते चांगलंच झालं. डिझेल जाळून पाणी उपसण्याचा मला कसलाही लोभ नाही. पण नांगरणी, मळणी, वाहतूक यांतून डिझेल इतक्यात जाणार नाही, आणि जाईपर्यंत ही विद्या खेड्यात टिकायला हवी. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात मुलं पंप खोलायला शिकतात, जोडायला शिकतात. मला वाटतं, त्यांना मुद्दाम बिघडवलेली इंजिनं द्यावीत. एकाच्या झाकणाचं भोक मेणानं बुजवलेलं, दुसऱ्याच्या टाकीत पेलाभर पाणी, तिसऱ्याचा ओढणाऱ्या बाजूचा वॉशर जुना. प्रत्येक नटाला पाना लावण्याआधी तिथं काय दिसेल हे वहीत लिहायचं, नट सैल केल्यावर काय दिसलं ते त्याच्या शेजारी लिहायचं, आणि दोन्ही जुळलं नाही तर पुढचा नट कुठला आणि का, हेही. गुण द्यायचे ते या वहीला. इंजिन सुरू झालं की नाही हे नंतर बघता येईल.